पाठीवरचा उकंडा

सत्यशीला सायकल ढकलत कोसभर जायची, पण हातातली सायकल काढून घेतली तर शंभर पावलांवर मटकन खाली बसायची. सायकल तिच्या नवऱ्याची, उकंडाची. तिला ती चालवता येत नव्हती. दोन्ही मुठी धरून, पुढं वाकून, ती नुसती लोटत राहायची. शेतावर जाताना, रेशनला जाताना, अगदी विहारात जातानासुद्धा. गावानं ह्यावर पोटभर हसून घेतलं होतं. "बसून तरी जात जा वं बाई," असं तोंडावर म्हणणारे होते आणि "कामाचा कंटाळा, दुसरं काय" असं पाठीमागं म्हणणारेही होते. पण कापूस वेचायला ओणवी झाली की हीच सत्यशीला दिवसभर मान वर करायची नाही. साठीची बाई, तरण्या पोरींच्या बरोबरीनं ओळ संपवायची. ओणवं असताना काही दुखत नाही आणि उभं राहिलं की पाय जातात, असलं दुखणं कोणी पाहिलं होतं? गावाला निदानाची घाई फार. कोणी मणक्यात गॅप आहे म्हणालं, कोणी वात म्हणालं, आणि एक शहाणी बाई तर ढोंग म्हणून मोकळी झाली.

सत्यशीलाला ह्यातलं काहीच पटत नव्हतं. आपल्याला काय झालंय ते तिला ठाऊक होतं. तिच्या पाठीवर उकंडा बसला होता. त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

ती सरळ व्हायला लागली की तो चढायचा. आधी दोन्ही खांद्यांच्या मधोमध ओलं लागायचं, ओला कपडा कोणी पाठीला चिकटवावा तसं. मग कंबरेवर भार यायचा. मग मांड्यांतून मुंग्या निघायच्या, त्या पोटऱ्यांतून तळव्यापर्यंत उतरायच्या आणि पाय तिचे राहायचे नाहीत. ती वाकली की तो हलका व्हायचा. म्हणून ती वाकून राहायला शिकली. भिंतीला टेकून कधी बसायची नाही, उताणी कधी झोपायची नाही. पाठीवरचा माणूस चेंगरेल ना! आणि सायकल धरली की तो शांत का होतो, ह्याचं तिला काही कोडं नव्हतं. सायकल त्याचीच होती.

हे बोलायचं मात्र कोणाजवळ? सत्यशीला हे नाव धर्मांतरानंतरचं. तिच्या बापानं नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव नदीत सोडले आणि लेकीच्या कानात बावीस प्रतिज्ञा घातल्या. भूतखेत मानायचं नाही हे तिला लहानपणापासून पाठ होतं, आणि खरं सांगायचं तर ती मानतही नव्हती. दुसऱ्या कोणाचं भूत असतं तर तिनं झाडू घेऊन हाकललं असतं. हा तर नवरा होता. कापूस वेचताना शेजारच्या ओळीत तांड्यावरची लालीबाई असायची. ती एकदा हिच्याकडं बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "तुह्या पाठीवर कोणतरी बसेल हाय वं. आमच्या तांड्यावर एक भगत हाय, चाल एखाद्या दिवशी." सत्यशीला वेचता वेचता म्हणाली, "आमच्यात नाई चालत ते." लालीबाईनं पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून ती सत्यशीलाच्या मागून चालायला टाळाटाळ करू लागली.

उकंडाचं नाव तेवढं जुन्या धर्मातलं राहून गेलं होतं. त्याच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवलं होतं. टाकून दिलेल्याकडं मरण बघत नाही, असा तेव्हाचा हिशेब. पुढच्याच वर्षी त्याचे वडील, ज्यांना सगळी वस्ती बापूजी म्हणायची, दीक्षा घेऊन आले. नाव बदलायचं त्यांच्या मनात होतं, ते राहून गेलं. बापूजींचा सगळा जीव दुसऱ्याच गोष्टीत होता. त्यांच्या तरुणपणी, वरच्या गावातल्या पारासमोरून जायचं तर वस्तीतल्या माणसानं अंगातला सदरा काढून काखेत मारायचा आणि उघड्या अंगानं मान खाली घालून जायचं, अशी रीत होती. नागपूरहून परत आले त्या दिवशी बापूजी पांढरा सदरा घालून, वरपर्यंत बटणं लावून, पारासमोरून चालत घरी आले. दोन दिवस वस्ती भेदरून होती. काही झालं नाही. मग त्यांनी घरच्यांना एकच सांगून ठेवलं की ह्या घरचा माणूस उघड्या अंगानं गावातून जाणार नाही, मेला तरी. पुढं काळ बदलला, पारावर बसणारेच बनियनवर बसू लागले, पण ह्या घरातली रीत मोडली नाही. उकंडा नांगरून आला, विहीर खणून आला, तापात फणफणत आला, तरी वेशीजवळ थांबून सदरा घालायचा. सत्यशीला त्याला चिडवायची, "तुमाले कोणी पाह्यत नाही आता." तो म्हणायचा, "बापूजी पाह्यते."

उकंडा गेला ती बोंडअळीची वर्षं होती. लोक घाबरून आठ-आठ दिवसांनी फवारे मारत होते, दोन-तीन औषधं एकात कालवून. गावातले शेतमालक किसनराव, त्यांच्या शेतात उकंडा रोजानं फवारणीला जात होता. कपाशी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेली होती. नळी वर धरून मारावं लागे आणि निम्मं औषध अंगावर परत येई. पाठीवरचा पंप झाकणातून गळत होता, तो वेगळा. सत्यशीला दुपारी भाकर घेऊन गेली तेव्हा पंप पांदणीच्या कडेला पडला होता आणि उकंडा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उघडा बसला होता. अंगाची आग होते म्हणून त्यानं सदरा काढून तुरीच्या झाडावर टाकला होता. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, आणि भर ऑक्टोबरच्या उन्हात तो कापत होता.

"उठा, दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि जड जिभेनं म्हणाला, "असाच नेशील का मले गावातून?"

तिनं सदरा घेतला. तो औषधानं चिंब होता, हाताला चिकटत होता. तिनं तो त्याच्या अंगात घातला. घाईत बटणं चुकीच्या काजात जात होती, तरी एकेक करत गळ्यापर्यंत सगळी लावली. वरून आपल्या लुगड्याचा पदर फाडून गुंडाळला, कारण तो कापत होता आणि तिला वाटलं थंडी वाजतेय. मग त्याला पाठीवर घेतलं. वाळलेल्या पऱ्हाटीएवढाच तो उरला होता, तरी माणूस तो माणूसच. पांदणीनं अर्धा कोस चालून ती वेशीत आली, पारासमोरून गेली, आणि तिथं लोकांनी धावत येऊन त्याला ऑटोत घातलं. सगळ्या वाटेत त्याची छाती तिच्या पाठीला लागलेली होती, सदरा ओला होता, आणि त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो होता. संध्याकाळी गेला.

दवाखान्यातून त्याचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत मिळाले. पिशवी त्यांच्या मुलीनं, दीपमालानं घेतली. दीपमालाचं सासर गावातच, चार घरं सोडून. ती गावची आशा वर्कर होती. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. सदरा डॉक्टरांनी मधून कापून काढला होता, बटणं लावलेलीच होती. सगळी एकेक काज चुकवून लावलेली, गळ्यापर्यंत. दीपमाला त्या बटणांकडं बघत राहिली, मग तिनं आईकडं पाहिलं, आणि पिशवीला गाठ मारली. सत्यशीलाला मात्र तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

ते तिला कळलं तीन वर्षांनी. त्या तिसऱ्या साली फवारणीच्या विषबाधेनं जिल्हाभर माणसं गेली. मग सरकार जागं झालं आणि गावोगाव जीप फिरू लागली. सत्यशीला किसनरावांच्या शेतात वेचणीला होती. रस्त्यावरून जीप भोंगा लावून चालली होती आणि भोंग्यातला माणूस वाचल्यासारखं बोलत होता. फवारणी करताना तोंड झाका. वाऱ्याच्या दिशेनं फवारा. आणि मग तो म्हणाला, "विषबाधा झालेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे ताबडतोब काढावेत आणि अंग साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुवावं. विष कातडीतून शरीरात जातं."

तिनं ओणव्यानंच ते ऐकलं. हातातलं बोंड हातात राहिलं. उकंडानं सदरा काढला होता. त्यानं स्वतःच काढून टाकला होता, आणि तिनं तो परत घातला. जीप वळणावर गेली, आवाज गेला, आणि ती सरळ उभी राहायला गेली तेव्हा पाठीला ओलं लागलं आणि पाय गेले. पाठीवर तो पहिल्यांदा नीट चढून बसला तो त्या दिवशी. त्याआधी कंबर दुखायची, पण ती नुसती कंबर होती.

भोंग्यावरच्याच मजकुराची पत्रकं दीपमालाकडं आली. दरवर्षी पोळ्याच्या आधी विहारात बायका-माणसांना जमवून ती पत्रक वाचून दाखवायची. सत्यशीला सगळ्यांच्या मागं, पुढं वाकून बसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण भोंग्यावरचा शब्द न् शब्द तिच्या डोक्यात होता. पहिल्या वर्षी दीपमालानं वाचलं, तोंड झाका, वाऱ्याची दिशा पाहा, चक्कर आली तर झाडाच्या सावलीत न्या, ताबडतोब दवाखान्यात न्या. मधलं एक वाक्य आलंच नाही. सत्यशीलाला वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या वर्षीही आलं नाही. वाचता वाचता दीपमालाचा आवाज त्या ठिकाणी किंचित अडखळला आणि पुढं गेला, रस्त्यातला खड्डा पायाला माहीत असावा तसा. तेव्हा सत्यशीलाला उमगलं की पोरगी जाणूनबुजून गाळते. आई मागं बसलीय म्हणून गाळते. म्हणजे तिला बटणांचं कळलं होतं, पहिल्या दिवसापासून. आणि जे वाक्य वस्तीतल्या चाळीस घरांनी ऐकायला हवं होतं, ते एका आईसाठी दोन वर्षं गिळलं गेलं होतं.

मायलेकी रोज भेटायच्या. चहा व्हायचा, भाजी देणं-घेणं व्हायचं, नातवंडांवर ओरडणं व्हायचं. त्या वाक्याजवळ दोघींपैकी कोणीही गेलं नाही.

वेचणी संपत आल्यावर, माघात, एका दिवशी दीपमाला म्हणाली, "माय, राळेगावले शिबिर हाय. मणक्याचे डॉक्टर येऊन राह्यले नागपूरचे."

"मले नाई जाचं. हात दाखवून अवलक्षण कायले?"

"साऱ्या गावाले मी नेतो, आन् माही मायच घरी बसते. बरं दिसते का?"

लेकीची लाज राखायला म्हणून ती गेली. डॉक्टर तिशीतला होता, चष्म्यातून नीट बघणारा. त्यानं विचारलं, "चालताना कशाचा आधार घेता, मावशी?"

"सायकल लोटते, सर," दीपमालानं सांगितलं.

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "आणि सायकल धरली की बरं वाटतं. ओणवं झालं की अगदीच बरं. उताणं झोपवत नाही. सरळ उभं राहिलं की भार येतो, मांडीपासून खाली मुंग्या, मग पाय जातात. बसलं की परत येतात. बरोबर?"

सत्यशीला दचकली. भाराचं नि मुंग्यांचं तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. तिनं लेकीकडं पाहिलं, तर तीही आ वासून बघत होती.

"मणक्यांच्या आत एक नळी असते," डॉक्टर म्हणाला. "तिच्यातून पायांच्या नसा जातात. वय झालं की आतलं अस्तर जाड होतं आणि नळी अरुंद होते. वाकलात की ती थोडी उघडते, सरळ झालात की नसा दाबते. सायकलीचा काही गुण नाही. सायकल धरली की तुम्ही वाकता, एवढंच."

ती लेकीकडं न बघता पुढं सरकली. मग विचारलं, "ओझं उचललं म्हून होते का? एकच डाव. लय जड."

"एकदा उचलून नाही होत. वीस-पंचवीस वर्षं हळूहळू होत आलंय हे. तुम्हाला जाणवायच्या कितीतरी आधीपासून."

कोणाला वाटेल, बाईला हायसं वाटलं असेल. तिला राग आला. दोन वर्षं जो नवरा तिनं अंगाखांद्यावर वागवला, त्याला हा कालचा पोरगा अस्तर म्हणत होता. दिलेल्या गोळ्या तिनं खाल्ल्या, सांगितलेले व्यायाम रडतखडत केले, पण डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं. गोळ्यांनी पाय काही सुधारले नाहीत. वैशाखात तर घरातल्या घरात, चुलीपासून दारापर्यंत जाताना मध्ये बसावं लागू लागलं.

डॉक्टरनं सांगितलेला उपाय दीपमाला तिला पुन्हा पुन्हा समजावायची. मोठं ऑपरेशन नाही. दुर्बिणीतून करतात. पेन्सिलएवढी नळी आत घालायची, जाड झालेलं अस्तर कुरतडून काढायचं. पूर्ण भूल नाही, तेवढी जागा बधिर करायची. माणूस जागा असतो, बोलतो. दुसऱ्या दिवशी घरी. सरकारी कार्डावर होतं. डॉक्टरनं हेही सांगितलं होतं की पाय बहुतेक सुधारतील, कंबर थोडीफार दुखत राहील, सगळ्यांना सारखा गुण येत नाही.

"आन् उतरला तं मंग कुठं जाईल?" सत्यशीला एकदा बोलून गेली.

"कोण उतरला?"

"काई नाई."

तिची भीती ती होती. मरणाची नव्हती, सुरीची नव्हती. पाठीवर तो असेतो तिनं त्याला खाली टाकलेलं नव्हतं. सदरा घालून मारलं असेल, पण टाकलं नव्हतं. उद्या कोणी चिमट्यानं त्याला कुरतडून काढला आणि तो गेला, तर तिच्याजवळ नुसता सदरा उरणार होता. आणि तो डॉक्टर म्हणतो तसं खरंच तिथं अस्तरच असेल, तर मग दोन वर्षं ती कोणाला घेऊन फिरत होती? हा दुसरा प्रश्न तिला पहिल्यापेक्षा जास्त छळू लागला. शेवटी ज्येष्ठात एका सकाळी ती स्वतःहून लेकीच्या दारात जाऊन बसली. "चाल. पाहू तरी कोण उतरते ते," ती म्हणाली. दीपमालानं ह्या वेळी कोण ते विचारलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यात तिला पाठीकडून उघडा, नाड्यांचा झगा दिला. दीपमाला नाड्या बांधायला लागली तेव्हा सत्यशीलानं हात मागं नेऊन झगा घट्ट धरून ठेवला. "उघड्या पाठीनं जाऊ का लोकाईतून?" ती म्हणाली. दीपमालानं अंगावरची ओढणी काढून तिच्या पाठीवर टाकली आणि दारापर्यंत ती धरून चालली. दारात नर्सनं ओढणी परत केली.

आत तिला पालथं झोपवलं, पोटाखाली उशा. वर एक वाकड्या मानेचं एक्स-रेचं मशीन होतं. पाठ गार औषधानं पुसली, सुई टोचली, मग जागा बधिर झाली. "मावशी, पायात कळ गेली तर सांगायचं," डॉक्टर म्हणाला. तिनं हुं केलं. मग आत काहीतरी ढकलल्यासारखं, ओढल्यासारखं होऊ लागलं. दुखत नव्हतं, पण कोणीतरी तिच्या आत हात घालून काम करत होतं. तिनं डोळे मिटले आणि ती वाट बघू लागली.

तेवढ्यात पाठीवरून ओघळ आला. ओलं, पसरत पसरत कुशीकडं गेलेलं. तिचं सगळं अंग ताठ झालं.

"ओलं हाय," ती म्हणाली. "सदरा ओला हाय."

"पाणी आहे ते, मावशी. मिठाचं पाणी. आतलं साफ दिसावं म्हणून नळीतून सोडतो आम्ही, ते बाहेर येतं. घाबरू नका."

पाणी येत राहिलं. कोणीतरी तिची पाठ धुत होतं, हे तिच्या मनात आलं आणि मग दुसरं काही येईना. "साबण लावा," ती म्हणाली. "काढा तो, आन् साबण लावून धुवा. बटनं तोडा." ती हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. गुंगीचं थोडं औषध दिलेलं होतं, माणसं काहीही बोलतात, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. एक नर्स मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हो, धुतो आहोत." तेव्हा ती रडायला लागली. उकंडा गेला तेव्हा ती रडली नव्हती. पालथ्या बाईनं टेबलावर रडू नये, मणका हलतो, म्हणून डॉक्टरला हात थांबवावा लागला.

संध्याकाळी तिला उभं केलं. ती वाकायलाच गेली, सवयीनं. "सरळ, मावशी," डॉक्टर म्हणाला. ती सरळ झाली. भार आला नाही. मांडीत मुंग्या आल्या नाहीत. दवाखान्याच्या लांब ओसरीत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, मध्ये कुठंही बसली नाही. दीपमाला तोंडाला ओढणी लावून उभी होती. सत्यशीलानं तळवे फरशीवर दाबून पाहिले. पाय तिचे होते.

पण खांद्यांच्या मधोमध ओलं लागतच होतं.

तिनं नर्सला पाठ पुसायला लावली. कोरडी आहे, नर्स म्हणाली. पट्टी खाली कंबरेजवळ होती, बोटाएवढी. वर काही नव्हतं. घरी आल्यावर आठ दिवस झाले, पंधरा झाले. ती बिनसायकलीची विहिरीवर जाऊ लागली, गाव तोंडात बोट घालून बघू लागलं, ढोंग म्हणणाऱ्या बाईनं दवाखान्याचा पत्ता विचारला. कंबर मधूनच ठणकायची, डॉक्टरनं सांगितलं होतं तशी. पाय मात्र गेले नाहीत. आणि ओलं तसंच होतं, चोळी वाळत घातली तरी, उन्हात पाठ करून बसलं तरी. तेव्हा तिला कळलं की डॉक्टर खोटं बोलला नव्हता. हाडाचं होतं ते त्यानं काढलं. हे हाडाचं नव्हतं, आणि ह्याच्यासाठी दुर्बीण नव्हती. सरळ उभं राहता येऊनही ते घेऊन उभं राहायचं, हे तिला वाकून राहण्याहून जड जाऊ लागलं.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी विहारात वंदना झाली आणि दीपमाला पत्रक घेऊन उभी राहिली. कपाशी ह्या साली पुन्हा वाढली होती, फवारणी जोरात होती. चाळीस-पन्नास माणसं होती. मागं बायका, त्यांच्यात सत्यशीला. दीपमालानं वाचायला सुरुवात केली. तोंड झाका. वाऱ्याची दिशा पाहा. एका पंपात दोन औषधं कालवू नका. चक्कर आली, लाळ सुटली, डोळ्यांपुढं अंधारी आली तर माणसाला सावलीत न्या. इथं तिचा आवाज अडखळला.

"ताबडतोब दवाखान्यात," ती पुढं वाचू लागली.

"थांब, दीपे," सत्यशीला म्हणाली.

ती उठून उभी राहिली. सरळ. बऱ्याच जणांना ती एवढी उंच आहे हेच आठवत नव्हतं. दीपमालानं पत्रक खाली घेतलं आणि मान हलवली, नको म्हणून. पण सत्यशीलानं तिच्याकडं पाहिलंच नाही.

"त्याच्या आधी एक हाय," ती म्हणाली. "अंगातले कपडे काढाचे. तिथंच, धुऱ्यावर. सारे. आन् साबणानं अंग धुवाचं. इख कातड्यातून आत जाते." मग ती थांबली. "दीपेच्या बाबानं काढला होता सदरा. मी घातला. गावातून उघडे कसे जातीन म्हून मी घातला त्याईच्या अंगात, बटनं लावली. तो वलाच होता. मी मारलं नाई, पन माह्या हातानं झालं. तुमी घालू नका."

बापूजींच्या वेळची दोन म्हातारी माणसं पुढं बसली होती, त्यांनी माना खाली घातल्या. मग नंदाबाई नावाची एक तरुण बाई, जिचा नवरा त्याच आठवड्यात फवारणीला लागला होता, दबक्या आवाजात म्हणाली, "पन मावशी, मंग गावातून कसं आनाचं? पारासमोरून?"

"उघडा आन," सत्यशीला म्हणाली. "पारावरून आन. लोकं पाह्यतीन तं पाहू दे. जिता आन."

नंदाबाईनं मान डोलावली. दीपमाला पुढं उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिनं पत्रक पुन्हा वर धरलं, अक्षरं दिसेनात म्हणून थोडं दूर नेलं, आणि तीन वर्षं गाळलेलं ते वाक्य, पहिल्या शब्दापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.